केबिनमधली हवा

आमच्या झरीचे नाव बाहेरच्या वाचकांनी ऐकले असेल तर ते १९४५ साली इथे भरलेल्या वारल्यांच्या परिषदेमुळे, आणि वेठबिगारीविरुद्धच्या त्या लढ्यामुळे. विमानांशी या गावाचा संबंध इतकाच, की मुंबईहून उत्तरेकडे जाणारी विमाने आमच्या आकाशातून जातात. पहाटे आकाश स्वच्छ असले की त्यांच्या पांढऱ्या रेघा दिसतात. माझे वडील इथल्या शाळेत मास्तर होते. मी मात्र मुंबईला गेलो आणि जवळपास तीस वर्षे विमानांच्या हँगरमध्ये देखभालीचे काम करून निवृत्तीनंतर वडिलांच्या घरी परतलो.

हा लेख लिहायला निमित्त झाले ते शेजारच्या पाड्यावरच्या एका बाईच्या प्रश्नाचे. तिची मुलगी नर्सिंग सोडून विमानातल्या केबिन क्रूच्या प्रशिक्षणाला निवडली गेली. आनंद होता, पण आई काळजीत होती. एका संध्याकाळी ओट्यावर येऊन तिने विचारले, "भाऊ, तिकडं वर हवाच नसते म्हणतात. मग पोरगी श्वास कशी घेणार?"

प्रश्न साधा आहे, आणि बरोबर आहे. नियमित विमानप्रवास करणाऱ्या माझ्या कितीतरी सुशिक्षित मित्रांना तो कधी पडलेलाच नाही. खिडकीशी बसून वेफर्सचा पुडा फुगलेला पाहतात, कानात दडे बसतात म्हणून कुरकुरतात, आणि विसरतात. तेव्हा तिला जे सांगितले तेच थोडे सविस्तर इथे मांडतो.

पहिली गोष्ट, वर हवा नसते असे नाही. आणि वरच्या हवेत ऑक्सिजन कमी असतो हेही म्हणण्याची पद्धत चुकीची आहे. समुद्रकिनारी हवेत ऑक्सिजन जितका टक्के, म्हणजे सुमारे २१, तितकाच तो पस्तीस हजार फुटांवरही असतो. कमी होतो तो हवेचा दाब. समुद्रसपाटीला पाऱ्याच्या ७६० मिलिमीटरइतका असलेला दाब साडेपाच किलोमीटर उंचीवर निम्मा होतो आणि ३५,००० फुटांवर १७९ मिलिमीटरच्या आसपास उतरतो. ऑक्सिजनला फुप्फुसातून रक्तात ढकलतो तो हा दाब. तो ७६० वर असताना त्यातला ऑक्सिजनचा वाटा १६० मिलिमीटर असतो, आणि पस्तीस हजार फुटांवर जेमतेम ३७. नुसता कमी पडतो एवढेच नाही, तर त्या उंचीवर रक्तातला ऑक्सिजन उलटा फुप्फुसात परत येऊ लागतो. म्हणून तिथे श्वास रोखून धरण्याने काही साधत नाही. वीस सेकंद श्वास रोखता येणारा माणूसही तिथे तितक्याच लवकर कोसळतो.

हे ज्ञान माणसाला फुकट मिळालेले नाही. १५ एप्रिल १८७५ रोजी 'झेनिथ' नावाच्या बलूनमधून तिघे फ्रेंच वर गेले, गास्तों तिसांदिये, क्रोसे-स्पिनेली आणि सिव्हेल. त्यांच्याजवळ ऑक्सिजनच्या पिशव्या होत्या. पॅरिसचे शरीरशास्त्रज्ञ पॉल बेर यांनी दाबाच्या कोठीत प्रयोग करून सांगितले होते की उंचीवरचा त्रास थंडीचा नसून ऑक्सिजनच्या कमी दाबाचा असतो. बलून आठ किलोमीटरच्या वर गेले. तिसांदिये शुद्धीवर आले तेव्हा दोघे साथीदार मेलेले होते. जवळच्या पिशव्यांना हात लावण्याचेही भान त्यांना उरले नव्हते. कमी दाबाचा सर्वांत धोकादायक गुण हाच आहे. तो दुखवत नाही. उलट बरे वाटते, थोडी नशा चढल्यासारखे, आणि आपल्याला काही होत आहे हे कळण्याची शक्तीच आधी जाते. वैमानिकांच्या वैद्यकीय भाषेत याला उपयुक्त शुद्धीचा काळ म्हणतात. अठरा हजार फुटांवर तो वीस ते तीस मिनिटे, पंचवीस हजारांवर तीन ते पाच मिनिटे, पस्तीस हजारांवर अर्धा ते एक मिनिट, आणि चाळीस हजारांवर पंधरा ते वीस सेकंद.

म्हणजे विमानात आपल्याबरोबर हवा नेणे भाग आहे. ती कशी नेतात, हे सांगताना मला पाड्यावरच्या बाईसमोर पुस्तकी आकृती काढण्याची गरज पडली नाही. तिच्या घराच्या भिंतीवर तारपा टांगला होता.

तारपा ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. वाळवलेला दुधी भोपळा, त्यात बसवलेल्या जिभ्या असलेल्या बांबूच्या दोन नळ्या, पुढे ताडाच्या पानांचा मोठा कर्णा, आणि सांधे मेणाने बंद केलेले. वाजवणारा तासन्‌तास नाचणाऱ्यांच्या मधे उभा राहून फुंकतो आणि सूर तुटू देत नाही. गालात हवा साठवून नाकाने श्वास घेत घेत तो भोपळ्यातला दाब टिकवतो. भोपळ्यातली हवा एका बाजूने सतत जात असते, दुसऱ्या बाजूने सतत येत असते, म्हणून आतला दाब टिकतो. भोपळ्याला बूच लावून हवा कोंडून ठेवलेली नसते.

विमानाच्या केबिनचे अगदी असेच आहे. लोकांची समजूत असते की दरवाजे घट्ट लावून किनाऱ्यावरची हवा आत कोंडतात. तसे केले तर दोनशे माणसे थोड्याच वेळात गुदमरतील. प्रत्यक्षात इंजिनाच्या पुढच्या भागात हवा दाबली जाते, तिचा काही भाग जळण्यापूर्वीच बाहेर काढून घेतात. याला हँगरमध्ये 'ब्लीड' म्हणतात. ही हवा दोनशे अंशांच्या घरात तापलेली असते, म्हणून ती 'पॅक' नावाच्या यंत्रातून थंड करून केबिनमध्ये सोडतात. दुसऱ्या टोकाला, शेपटीच्या बाजूला पोटाखाली, एक झडप असते, आउटफ्लो व्हॉल्व्ह. ती उघडझाप करून ठरवते की किती हवा बाहेर जाईल. केबिनमधली हवा साधारण दर दोन-तीन मिनिटांनी पूर्ण बदलते. ब्लीड म्हणजे वादकाचे गाल आणि आउटफ्लो व्हॉल्व्ह म्हणजे जिभ्यांची फट. बाकी सारे, दरवाज्यांची रबरी पट्टी असो की खिडकीची कड, हे सांध्यावरचे मेण.

व्हॉल्व्हवर नियंत्रण ठेवतो एक संगणक. विमान दोन-अडीच हजार फूट प्रतिमिनिट वेगाने चढत असते तेव्हा केबिनची 'उंची' मिनिटाला चारशे-पाचशे फुटांहून जास्त वाढू द्यायची नाही, हे त्याचे काम. शेवटी विमान पस्तीस हजारांवर असताना केबिनची उंची सहा ते आठ हजार फुटांवर ठेवतात. समुद्रसपाटीचा दाब ठेवत नाहीत. आपले कळसूबाई शिखर ५,४०० फुटांचे. म्हणजे प्रत्येक विमानप्रवासी महाराष्ट्राच्या सर्वोच्च टोकापेक्षा उंच बसलेला असतो, फक्त दमलेला नसतो. दम्याच्या किंवा हृदयाच्या रुग्णाने विमानात बसण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे असे म्हणतात, ते या आठ हजार फुटांसाठी.

समुद्रसपाटीचा दाब का ठेवत नाहीत? कारण आत दाब जितका जास्त, बाहेर जितका कमी, तितके विमानाचे धड ताणले जाते. बोइंग ७३७ मध्ये हा फरक दर चौरस मीटरला जवळपास सहा टन एवढा जातो. दीड चौरस मीटरचा दरवाजा धरला तर त्यावर नऊ टनांचा भार. म्हणून हवेत कोणीही दरवाजा उघडू शकत नाही, आणि सिनेमातले दृश्य खोटे असते. दरवाजा आतून बुचासारखा घट्ट बसतो आणि दाबच त्याला बसवून ठेवतो. पण प्रत्येक उड्डाणात हे धड एकदा फुगते, एकदा आकसते. पत्र्याची तार वाकवून सरळ करावी तसा हा ताण साठत जातो. १९५४ साली जगातली पहिली प्रवासी जेट, डी हॅविलंड कॉमेट, एल्बा बेटाजवळ आणि पुढे नेपल्सजवळ समुद्रात कोसळली. तपासासाठी फार्नबरो येथे अख्खे विमान पाण्याच्या टाकीत बुडवून आत पाण्याने दाब द्यायचा आणि काढायचा असा प्रयोग झाला. पाणी अशासाठी की हवेसारखा स्फोट होत नाही. खऱ्या उड्डाणांसकट सुमारे तीन हजार फेऱ्यांनंतर धड उकलले. तडा खिडकीसारख्या कापाच्या कोपऱ्यातून सुरू झाला होता. आज विमानाच्या खिडक्या कोपरे नसलेल्या असतात, त्याचे कारण हे.

अशा उकलण्याच्या घटना नंतरही झाल्या. २८ एप्रिल १९८८ रोजी हवाईच्या आकाशात अलोहा कंपनीच्या ७३७ चे छप्पर उडाले, एक हवाई सुंदरी बाहेर फेकली जाऊन मरण पावली, उरलेल्या सर्वांना घेऊन विमान उतरले. १९८५ साली जपान एअरलाइन्सचे जंबो शेपटीकडील दाबाची भिंत फुटल्याने गेले. सात वर्षांपूर्वीच्या दुरुस्तीत तिथे रिव्हेटच्या दोन रांगांऐवजी एकच रांग भार घेत होती. त्यात ५२० माणसे गेली. ५ जानेवारी २०२४ रोजी अलास्का कंपनीच्या नव्याकोऱ्या ७३७ मॅक्सचा न वापरायच्या दारावरचा झाकणपट्टा सोळा हजार फुटांवर सुटून पडला, बोल्टच लावलेले नव्हते. माझ्या पेशातली माणसे ही यादी जपून ठेवतात, कारण तिच्यात आमचे हात आहेत. तरी मला स्वतःला या मोठ्या स्फोटांची भीती कधी तितकी वाटली नाही. स्फोट झाला की सगळ्यांना कळते. धुके पसरते, कान फुटल्यासारखे होतात, मास्क पडतात, वैमानिक हात हलवतो. मला भीती वाटली ती न कळणाऱ्या गळतीची, आणि तिच्यामागच्या एका खिटीची.

ही गोष्ट नव्वदच्या दशकातली. मी रात्रपाळीला होतो. एका ७३७ च्या मागच्या दरवाज्यातून शिट्टीसारखा आवाज येतो अशी तक्रार वैमानिकाने लिहिली होती. दरवाज्याची रबरी पट्टी बदलली आणि गळती तपासायची ठरली. जमिनीवर हे करताना इंजिन चालू नसते, शेपटीतल्या छोट्या सहायक इंजिनातून हवा घेतात, आणि आउटफ्लो व्हॉल्व्ह हाताने बंद करावा लागतो. त्यासाठी कॉकपिटच्या छतावरची निवड-खिटी 'ऑटो' वरून 'मॅन्युअल' वर आणतात. मी आणली. दाब भरला, गळती मर्यादेत होती, दाब सोडला, पहाटे चारला कागदावर सही केली. खिटी परत 'ऑटो' वर नेली नाही.

माझ्या वरिष्ठांनी नुसत्या सवयीने पहाटे कॉकपिटमध्ये बसून छतावरच्या पॅनेलवर नजर फिरवली. एक छोटा हिरवा दिवा पेटलेला होता. ते काही बोलले नाहीत. मला बोलावून बोट दाखवले. सहा वाजता त्या विमानात दीडशे माणसे चढली आणि सुखरूप पोहोचली. वैमानिकांनीही कदाचित तो दिवा पाहिला असता, असे मी स्वतःला अनेक वर्षे सांगत आलो.

१४ ऑगस्ट २००५ ला मला कळले की 'पाहिला असता' या शब्दांना किंमत नसते. त्या दिवशी सायप्रसच्या हेलिओस कंपनीचे ७३७ लार्नाकाहून अथेन्समार्गे प्रागला निघाले. आदल्या रात्री त्याच्याही मागच्या दरवाज्याची गळती तपासली होती. त्याचीही खिटी मॅन्युअलवर राहिली होती. मी टीव्हीवरची बातमी बघत बसलो होतो आणि हातातला चहा तसाच थंड झाला.

त्या विमानात काय झाले ते तपास अहवालातून कळते, आणि ते समजून घेण्यासारखे आहे. व्हॉल्व्ह अर्धवट उघडा राहिल्यामुळे विमान चढत गेले तसा केबिनमधला दाबही पडत गेला. दहा हजार फुटांच्या केबिन उंचीला भोंगा वाजू लागला. पण ७३७ मध्ये तोच भोंगा जमिनीवर असताना दुसऱ्याच कारणासाठी वाजतो, उड्डाणाची रचना चुकीची असली तर. वैमानिकांना तेच वाटले. त्यांनी कंपनीच्या इंजिनियरशी बोलणे सुरू केले. विषय होता यंत्रे थंड करणाऱ्या पंख्याच्या इशारा-दिव्याचा. इंजिनियरने दाबाच्या पॅनेलबद्दल विचारले. कप्तान मात्र सर्किट ब्रेकर कुठे आहेत हे विचारत राहिले. तोवर त्यांचे डोके चालेनासे झाले होते. प्रवाशांच्या डोक्यावर मास्क पडले. ते मास्क बारा मिनिटांचे. विमान स्वयंचलित यंत्रणेवर ३४,००० फुटांपर्यंत चढले आणि तिथे सरळ उडत राहिले. ग्रीसची दोन एफ-१६ विमाने शेजारी आली तेव्हा कप्तानाची जागा रिकामी होती आणि सहवैमानिक पुढे झुकलेला होता. शेवटी त्यांना एक माणूस कॉकपिटमध्ये शिरताना दिसला, अँड्रियास प्रोड्रोमू नावाचा एक हवाई सेवक, ज्याच्याकडे वैमानिकाचा परवाना होता. तोवर इंधन संपत आले होते. आधी डावे इंजिन थांबले, मग उजवे. ग्रॅमॅटिको गावाजवळच्या डोंगरात १२१ माणसे गेली. पुढे ७३७ मध्ये या भोंग्याबरोबर वेगळा दिवा देणे सक्तीचे झाले.

आपल्याकडची घटना १३ वर्षांनी घडली. २० सप्टेंबर २०१८ च्या सकाळी जेट एअरवेजचे ९डब्ल्यू ६९७ हे विमान मुंबईहून जयपूरला निघाले. ७३७-८००, प्रवासी १६६ आणि पाच कर्मचारी. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने त्याच दिवशी सांगितले की कर्मचाऱ्यांकडून ब्लीडचा स्विच चालू करायचा राहिला, त्यामुळे केबिनमध्ये दाब राहिला नाही आणि मास्क खाली आले. १६६ पैकी सुमारे ३० जणांना त्रास झाला, काहींच्या नाकातून रक्त आले, काहींच्या कानातून, काहींची डोकी दुखली. विमान मुंबईला परत आले, वैमानिकांना कामावरून बाजूला केले गेले आणि विमान अपघात तपास ब्युरोकडे चौकशी गेली.

दूरचित्रवाणीवर तेव्हा आश्चर्य व्यक्त होत होते की स्विच दाबायचा विसरतो कसा. माझ्या वर सांगितलेल्या गोष्टीमुळे मला तितके आश्चर्य वाटले नाही. ब्लीड इंजिनाकडून हवा ओढते, म्हणजे थोडी शक्तीही खाते. धावपट्टी आखूड असली, विमान जड असले किंवा उन्हाळा कडक असला तर काही उड्डाणे ब्लीड बंद ठेवून करतात. उड्डाणानंतर तो चालू करायचा असतो. उड्डाणानंतर वाचायच्या यादीतल्या ७३७ च्या पहिल्याच दोन ओळी याच आहेत, ब्लीड चालू, पॅक ऑटो. यादी वाचणे म्हणजे ओठ हलवणे नव्हे, प्रत्येक ओळीला बोटाने आणि डोळ्याने स्विच गाठणे. पण ज्याने एकच यादी हजार वेळा वाचली आहे त्याचा डोळा जे अपेक्षित आहे ते पाहतो. आमच्याकडे म्हणूनच एकाने केलेले काम दुसऱ्याने तपासावे असा नियम आहे, आणि माझ्या वरिष्ठांनी त्या पहाटे नियमापलीकडे जाऊन ते केले म्हणून मी आज हा लेख लिहीत आहे.

आणि रक्त का आले? हे विचारणारे मला खूप भेटले. केबिनमध्ये दाब नसताना विमान नेहमीच्याच वेगाने चढले, म्हणजे प्रवाशांनी मिनिटाला पाचशेऐवजी दोन-अडीच हजार फुटांचा चढ अनुभवला, आणि नंतर तसाच उतार. कानाच्या पडद्यामागे आणि गालातल्या पोकळ्यांत हवा असते. वर जाताना ती फुगते. चौदा हजार फुटांवर ती जवळपास पावणेदोन पट जागा मागते. ती बाहेर निघते कान आणि घसा जोडणाऱ्या एका बारीक नळीतून. वर जाताना ही नळी तुलनेने सहज उघडते, उतरताना मात्र बाहेरचा दाब तिला चिमटून बंद करतो, म्हणून उतरताना कान जास्त दुखतात. सर्दी असेल तर नळी आधीच सुजलेली असते. मग पडदा ताणला जातो, नाकातल्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात. बाळ रडते तेव्हा खरे तर ते स्वतःची नळी उघडत असते. त्याला रडू द्यावे, किंवा दूध पाजावे, गिळले की नळी उघडते. मोठ्यांनी नाक दाबून हलकेच फुंकावे, जोराने नाही. सर्दी असताना उडू नका हा सल्ला लोकांना आईच्या सल्ल्यासारखा वाटतो, पण तो याच नळीसाठी आहे.

वैमानिकाने काय करायचे हे सोपे आहे, कठीण फक्त ते त्या क्षणी करणे. इशारा झाला की आधी स्वतःचा मास्क, पाच सेकंदांत बसेल असा एका हाताने घालायचा. कारण शोधत बसायचे नाही. मग एकमेकांना ऐकू येते ना ते पाहायचे, पॅनेल तपासायचे, प्रवाशांचे मास्क सोडायचे, आणि दाब सांभाळता येत नाही असे दिसले की खाली जायचे. इंजिने मंद, पंखांवरचे ब्रेक उघडे, आणि विमान मिनिटाला पाच-सहा हजार फूट खाली, दहा हजार फुटांपर्यंत. त्या उंचीवर साधा श्वास घेता येतो. पस्तीस हजारांवरून तिथे यायला पाच-एक मिनिटे लागतात. म्हणून प्रवाशांच्या मास्कला बारा मिनिटे पुरतात. हिमालयावरून जाताना दहा हजारांपर्यंत उतरता येत नाही, खाली डोंगर असतात. तिथे आधीच आखलेल्या वाटेने वळून बाहेर पडायचे असते आणि ऑक्सिजनही जास्त न्यावा लागतो.

प्रवाशाला हा वेगाने होणारा उतार विमान कोसळतेय असा वाटतो. तसे नसते. मास्क पडले की ओढून घ्यायचा. ओढल्यावर पिन निघते आणि डोक्यावरच्या डब्यातली रासायनिक भुकटी, मुख्यतः सोडियम क्लोरेट, तापून ऑक्सिजन सोडू लागते. जळका वास येतो, तो आगीचा नसतो. मास्कची पिशवी फुगली नाही तरी ऑक्सिजन येत असतो. या डब्यांचे आणखी एक रूपही आहे, १९९६ साली मायामीजवळ व्हॅल्यूजेटचे विमान मालाच्या कप्प्यातल्या अशाच जुन्या डब्यांनी पेटले. आधी स्वतःचा मास्क, मग मुलाचा, हे ऐकून आईबापांना अपराधी वाटते. पण अर्ध्या मिनिटात आईच बेशुद्ध झाली तर मुलाला मास्क लावणारे कोणी उरत नाही. मूल तेवढ्या सेकंदांत फार तर गुंगते, आणि मास्क लागला की परत येते.

प्रशिक्षण संपवून ती मुलगी गेल्या महिन्यात घरी आली होती. तारप्याच्या मोसमात सुट्टी मिळाल्याचा आनंद, आणि आईसाठी एक चकचकीत टोपी. माझ्याकडे येऊन तिने वहीत लिहून आणलेला एकच प्रश्न विचारला. दाब गेला की त्यांनी जागेवर बसायचे, जवळचा मास्क लावायचा, आणि कॉकपिटकडून शब्द येईपर्यंत थांबायचे, हे तिला शिकवले होते. पण शब्द आलाच नाही तर?

मी तिला हेलिओसची गोष्ट सांगितली. मास्क पडल्यावर विमान खाली जायला हवे. ते कळते. पायाखालचा मजला पुढे झुकतो, इंजिनांचा आवाज मंदावतो, कान दुखू लागतात, बाहेर पंखांवर पट्ट्या उभ्या राहिलेल्या दिसतात. मास्क पडले आणि यातले काहीच झाले नाही, विमान सपाट जात राहिले, किंवा आणखी चढत राहिले, तर थांबून राहायचे नाही. हातातली छोटी ऑक्सिजनची बाटली घेऊन पुढे जायचे, इंटरकॉमवर हाक मारायची, उत्तर नाही तर दाराचा कोड. त्या विमानातल्या कोणाला हे कळायला किती वेळ लागला असेल याचा विचार मी करत असतो, असेही मी म्हणालो.

तिने 'मजला पुढे झुकतो' हे शब्द वहीत लिहून घेतले. मग विचारले, "भाऊ, तुमच्या हातून राहिलेली ती खिटी कुठे असते, कॉकपिटमध्ये शिरल्यावर डाव्या बाजूला की उजव्या?" मी वहीच्या मागच्या पानावर छताचे पॅनेल काढून दिले, उजव्या बाजूला, सहवैमानिकाच्या डोक्यावर, आणि त्याखाली तो हिरवा दिवा.